बैठक संपते, निर्णय उरतो का?



मुंबई महानगराची तहान भागविणाऱ्या जलाशयांपैकी भातसा आणि तानसा हे दोन जलाशय शहापूर तालुक्यात आहेत. तेथील पाणी अहोरात्र महानगराकडे वाहत असते आणि त्याच तालुक्यातील कित्येक पाडे चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहत बसलेले असतात. शेजारच्या मुरबाड तालुक्यातून कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणारा महामार्ग जातो. त्या मार्गाने वाहनांची रीघ लागलेली असते. तथापि महामार्ग सोडून सह्याद्रीच्या पायथ्याकडे वळले, की रस्त्याची पायवाट होते आणि पावसाळ्यात त्या पायवाटेचाही ओढा होतो. अशा ठिकाणी रात्री एखाद्या स्त्रीला प्रसूतिवेदना सुरू झाल्या अथवा शेतावर कुणाला सर्पदंश झाला, तर आरोग्यसेवा म्हणजे काय, याची व्याख्या ग्रंथांत शोधावी लागत नाही. गाडी येते की झोळी करावी लागते, केंद्रात डॉक्टर असतो की कुलूप, लस असते की चिठ्ठी, इतकीच ती व्याख्या असते.

या दोन तालुक्यांचे दुखणे सहजासहजी नजरेस न येण्याचे एक कारण आहे. २०११ च्या जनगणनेत अविभाजित ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १ कोटी १० लाखांवर गेली होती आणि तो देशातील सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा ठरला होता. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला आणि ठाणे, कल्याण, भिवंडी, उल्हासनगर, अंबरनाथ, मुरबाड व शहापूर असे सात तालुके ठाणे जिल्ह्यात राहिले. त्यांतील बहुतांश वस्ती महानगरपालिकांच्या हद्दीत आहे. साहजिकच जिल्ह्याची सरासरी काढली, की ती शहराची होते. सरासरीच्या या चादरीखाली डोळखांब, टाकीपठार, मोरोशी, टोकावडे या परिसरांतील पाडे झाकले जातात. कागदावर जे दिसत नाही ते कुणीतरी तोंडाने सांगावे लागते. ते सांगण्याची आणि त्यावर उत्तर मिळविण्याची जागा म्हणजे बैठक. म्हणूनच आरोग्यसेवेतील लोकसहभागाचा विचार करताना तो बैठकीच्या विचारापासून वेगळा करता येत नाही.

कल्पना जुनी, अनुभव अपुरा

गावाने स्वतःच्या आरोग्याचा विचार एकत्र बसून करावा, ही कल्पना नवी नाही. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ साली सादर केलेल्या अहवालात, सेवाभावी पाच-सात व्यक्तींची ग्राम आरोग्य समिती गावोगावी असावी, अशी शिफारस केली होती. स्वातंत्र्य अद्याप यायचे होते, तेव्हाची ही गोष्ट आहे. पुढे सप्टेंबर १९७८ मध्ये अल्मा-आटा येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने असे घोषित केले, की आरोग्यसेवेच्या नियोजनात व अंमलबजावणीत व्यक्तिशः आणि सामूहिकरीत्या सहभागी होणे, हा लोकांचा हक्क आहे आणि कर्तव्यही. हक्क व कर्तव्य हे दोन्ही शब्द तेथे एकत्र आले, हे विशेष.

महाराष्ट्रात या विचाराला निकड आली ती एका दुःखद घटनेने. १९९२ साली तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील जव्हार तालुक्यात वावर-वांगणी येथे झालेल्या बालमृत्यूंनी सारे राज्य हादरले. राजधानीपासून काही तासांच्या अंतरावर बालके कुपोषणाने व आजाराने दगावत होती आणि शासकीय यंत्रणा तेथे पोहोचलेलीच नव्हती. त्यानंतर १९९५ मध्ये राज्य शासनाने जनजातीबहुल भागांसाठी नवसंजीवनी योजना आखली. आरोग्य, पोषण, पाणी, धान्य आणि रोजगार या विषयांवर काम करणाऱ्या खात्यांनी पावसाळ्यापूर्वी एकत्र बसावे, हे तिचे मर्म होते. म्हणजे तेथेही उपाय कोणता सुचला? खात्यांची बैठक!

१२ एप्रिल २००५ रोजी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाचा प्रारंभ झाला आणि या कल्पनेला प्रथमच चौकट व निधी लाभला. गावपातळीवर ग्राम आरोग्य समिती आली. पुढे तिच्या नावात पोषण, पाणीपुरवठा आणि स्वच्छता हे विषयही जोडले गेले. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून वरच्या रुग्णालयांपर्यंत रुग्ण कल्याण समित्या स्थापन झाल्या. गावाच्या समितीसाठी वर्षाकाठी १० हजार, उपकेंद्रासाठी १० हजार आणि प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी २५ हजार रुपयांच्या अबंधित निधीची तरतूद अभियानाच्या आराखड्यात करण्यात आली. अबंधित याचा अर्थ, वरून ठरवून न दिलेला, स्थानिक गरजेप्रमाणे समितीने विचार करून खर्च करावयाचा. रक्कम मोठी नव्हती. परंतु या रकमेचे काय करायचे, हे गावाने ठरवायचे होते, हा अधिकार मोठा होता. २०१८ पासून उपकेंद्रे व प्राथमिक आरोग्य केंद्रे यांचे रूपांतर आरोग्यवर्धिनी केंद्रांत होऊ लागले. २०२३ मध्ये त्यांना ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ हे नाव मिळाले आणि त्यांच्यासाठी जन आरोग्य समितीची रचनाही आली.

एवढ्या समित्या असताना सहभाग का दिसत नाही, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर अप्रिय असले तरी सरळ आहे. समिती स्थापन करणे हे शासन निर्णयाचे काम आहे. समिती जिवंत ठेवणे हे समाजाचे. पहिले काम झाले. दुसरे अनेक ठिकाणी सुरूच झाले नाही. फलकावर सदस्यांची नावे रंगविली गेली, पण त्यांतील काहींना आपण सदस्य आहोत हेही ठाऊक नसते. वहीवर घरोघरी फिरून सह्या घेतल्या जातात आणि जी बैठक भरलीच नाही तिचे इतिवृत्त सुवाच्य अक्षरात लिहिले जाते.

उपस्थिती म्हणजे सहभाग नव्हे

सहभाग या शब्दाचा फार स्वस्त अर्थ रूढ झाला आहे. शिबिराला माणसे जमली, की सहभाग झाला. फेरीत मुले चालली, की सहभाग झाला. वस्तुतः तेथे लोक पाहुणे असतात. निर्णय आधीच झालेला असतो, लोकांना केवळ बोलावलेले असते. निर्णय होण्यापूर्वी ज्याला विचारले जाते, निर्णय झाल्यानंतर ज्याला हिशेब दिला जातो आणि निर्णय चुकला तर जो तो बदलू शकतो, तोच खरा सहभागी होय.

महाराष्ट्राच्या भूमीत याची उत्तम उदाहरणे घडलेली आहेत. १९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने जामखेड येथे काम सुरू केले. गावातील आरोग्य कार्यकर्ती गावानेच निवडायची, ही तेथील रीत. तिला अक्षरओळख आहे का, यापेक्षा तिच्यावर गावाचा विश्वास आहे का, हे पाहिले गेले. शेतकऱ्यांची मंडळे व महिलांची मंडळे जमू लागली आणि आरोग्याची चर्चा पाणी, शेती, अस्पृश्यता अशा मूळ प्रश्नांपर्यंत जाऊन पोहोचली. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी जनजातीच्या लोकांना विचारले, तुम्हाला रुग्णालयात यावेसे का वाटत नाही? उत्तर आले, की तेथे नातेवाइकांना रुग्णाजवळ राहू देत नाहीत, ती जागा परकी वाटते. मग शोधग्राम येथील रुग्णालय जनजातीच्या गावासारखे, झोपडीवजा घरांचे उभारले गेले आणि त्याला माँ दंतेश्वरीचे नाव देण्यात आले. विटा-मातीचा हा बदल एका साध्या प्रश्नातून झाला. तो प्रश्न विचारला गेला नसता, तर तेथे आणखी एक भव्य इमारत उभी राहिली असती आणि लोक तिच्या दारावरून परत गेले असते.

२००७ चा प्रयोग काय शिकवतो?

शासकीय सेवेच्या चौकटीतच लोकांचा आवाज आणण्याचा एक मोठा प्रयोग २००७ पासून झाला. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानांतर्गत ‘आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख’ ही प्रक्रिया देशातील नऊ राज्यांत प्रायोगिक तत्त्वावर सुरू करण्यात आली. महाराष्ट्रात त्यासाठी पुणे, अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद आणि ठाणे या पाच जिल्ह्यांची निवड झाली आणि पुण्यातील ‘साथी’ या संस्थेकडे राज्यस्तरीय समन्वय होता. प्रत्येक जिल्ह्यातील तीन तालुके, प्रत्येक तालुक्यातील तीन प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि प्रत्येक केंद्राखालील पाच गावे, अशी आखणी होती. म्हणजे जिल्ह्यात ४५ आणि राज्यात २२५ गावे. पुढे ही प्रक्रिया आणखी जिल्ह्यांत विस्तारली.

या प्रयोगाचे साधन अत्यंत साधे होते. गावकऱ्यांनी एकत्र बसून गावाचे आरोग्य प्रगतिपत्रक भरायचे. लसीकरण वेळेवर होते का, परिचारिका पाड्यावर येते का, केंद्रात औषध मिळते की बाहेरून आणायला सांगितले जाते, रुग्णाशी वागणूक कशी असते, अशा एकेका विषयावर चर्चा करून रंग द्यायचा. सेवा चांगली असेल तर हिरवा, मध्यम असेल तर पिवळा आणि वाईट असेल तर लाल. जिला अक्षर वाचता येत नाही तिलाही रंग वाचता येतो. शाळेत मुलाचे प्रगतिपत्रक येते तसे येथे गाव शासनाला प्रगतिपत्रक देत होते. ही प्रगतिपत्रके गावाकडून केंद्राच्या समितीकडे, तेथून तालुका, जिल्हा व राज्य समितीकडे जात आणि जनसुनवाईत लोक आपला अनुभव अधिकाऱ्यांसमोर मांडीत. उत्तर तेथेच, सर्वांदेखत द्यावे लागे.

यातील बोध नीट पाहिला पाहिजे. पहिल्या जनसुनवाईत संताप बाहेर पडतो, हे स्वाभाविक आहे. वर्षानुवर्षे साचलेले बोलणे एकदम वाट काढते. परंतु प्रक्रियेचे बळ कळते ते दुसऱ्या सुनवाईत, कारण तिचा पहिला विषय हा असतो, की मागच्या वेळी दिलेल्या आश्वासनांचे काय झाले? ज्या बैठकीला मागची बैठक आठवते तीच बैठक परिणामकारक ठरते. ज्या बैठकीला मागचे काही आठवत नाही, ती कितीही गर्दीची असली तरी मेळावाच असते.

बैठक कोठे आणि केव्हा?

शहापूर हा संपूर्ण तालुका आणि मुरबाडमधील काही गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. ठाकूर, महादेव कोळी, वारली, कातकरी यांच्या वस्त्या डोंगरउतारांवर विखुरलेल्या आहेत. एका ग्रामपंचायतीत अनेक पाडे असतात आणि दोन पाड्यांमध्ये एखादी नदी किंवा डोंगराची सोंड असते. अशा ठिकाणी ग्रामपंचायतीच्या कार्यालयात दुपारी बारा वाजता बैठक ठेवली, की कोण येणार हे आधीच ठरून जाते. गावठाणातील चार जण येतात आणि दूरच्या पाड्यावरील मजूर स्त्री येत नाही. कारण एक दिवसाची मजुरी बुडवून, दोन तास चालून, मागच्या रांगेत गप्प बसायला कोण येईल? मग इतिवृत्तात नोंद होते, ‘ग्रामस्थांनी अपेक्षित प्रतिसाद दिला नाही.’ येथे दोष ग्रामस्थांचा नसतो, बैठकीच्या जागेचा आणि वेळेचा असतो. म्हणून समितीची बैठक दरवेळी निराळ्या पाड्यावर, संध्याकाळी, चूल पेटण्यापूर्वी किंवा जेवणे झाल्यावर भरली पाहिजे. ज्या पाड्यावर बैठक भरते त्या पाड्याकडे जाणारी वाट अधिकारीही एकदा पायाखाली घालतो, हा त्यातील आणखी एक लाभ.

या भागाचे वर्ष सरकारी आर्थिक वर्षाप्रमाणे चालत नाही. ते पाऊस, भात आणि स्थलांतर यांनुसार चालते. बैठकीचे वेळापत्रकही त्याच पंचांगावर बेतले पाहिजे. वर्षातील किमान तीन बैठकांना पर्याय नाही.

पहिली वैशाखात, पावसाच्या आधी. कोणते पाडे तुटतात, त्यांतील कोणत्या स्त्रियांची प्रसूती जून ते सप्टेंबर या काळात अपेक्षित आहे, त्यांना आधीच कोठे आणून ठेवता येईल, केंद्रात सर्पदंशावरील लस आहे का, रात्री डॉक्टर कोण, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका कोणत्या ठिकाणापर्यंत येऊ शकते आणि तेथपर्यंत रुग्णाला कोण नेणार, याची उत्तरे त्या दिवशी मिळाली पाहिजेत. हे प्रश्न मे महिन्यात विचारले तर ते नियोजन असते. ऑगस्टमध्ये विचारले तर तो केवळ शोक असतो.

दुसरी बैठक दिवाळीच्या सुमारास. भाताची झोडणी आटोपली, की अनेक कातकरी कुटुंबे भिवंडी-कल्याण परिसरातील व अन्यत्रच्या वीटभट्ट्यांकडे निघतात. त्यांच्यासोबत गरोदर माता जातात, लसीकरण अर्धवट राहिलेली बालके जातात आणि यंत्रणेच्या नोंदीत ती ‘स्थलांतरित’ या एका शब्दात विरून जातात. निघण्यापूर्वी त्यांची यादी झाली, माता-बाल संरक्षण कार्ड त्यांच्या गाठोड्यात गेले आणि ती जेथे जाणार त्या भागातील आरोग्य केंद्राला कळविले गेले, तर कित्येक संकटे टळू शकतात.

तिसरी बैठक शिमग्याच्या वेळी. होळीला माणूस कोठेही असला तरी शक्यतो आपल्या पाड्यावर येतो. गेलेली बालके कोणत्या अवस्थेत परतली, वजन घटले का, लस चुकली का, हे पाहण्याची तीच वेळ.

विषयपत्रिका, इतिवृत्त आणि पत्ता

बैठकीचे शास्त्र क्लिष्ट नाही; ते पाळण्याचा कंटाळा मात्र सार्वत्रिक आहे. विषयपत्रिका तीन-चार विषयांची असावी आणि ती चार दिवस आधी पाड्यापाड्यांवर तोंडी कळवावी. पहिला विषय नेहमी एकच, मागील निर्णयांचे काय झाले. त्यानंतर गेल्या महिन्यातील जन्म, मृत्यू व मोठे आजार यांचे वाचन. पाड्यावर झालेला एकही मृत्यू चर्चेवाचून पुढे जाऊ नये. कोणाला दोषी ठरविण्यासाठी ही चर्चा नसते. कोणत्या क्षणी काय केले असते तर जीव वाचला असता, हे समजून घेण्यासाठी असते.

इतिवृत्तात सर्वाधिक आढळणारे वाक्य असे असते, ‘आरोग्यसेवा सुधारण्याबाबत चर्चा झाली.’ या वाक्यात कर्ता नाही, कर्म नाही आणि काळही नाही. त्याऐवजी असे लिहावे, ‘अमुक पाड्यावर तीन महिन्यांत लसीकरण सत्र झालेले नाही. पुढील महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अंगणवाडीत सत्र घेण्याचे आरोग्यसेविकेने मान्य केले. पाड्यातील अकरा बालकांना आणण्याची जबाबदारी अमुक दोन महिलांनी घेतली. सत्र न झाल्यास पुढील बैठकीत हाच पहिला विषय.’ एवढ्या चार ओळींत प्रश्न, जबाबदारी, दिवस आणि उत्तरदायित्व, सारे आले. बैठक उठण्यापूर्वी हे वाचून दाखवावे. ज्याला लिहिता-वाचता येत नाही, त्यालाही आपले बोलणे कागदावर गेले की नाही, हे तेव्हाच कळते.

त्यानंतर येतो पत्त्याचा प्रश्न. पुष्कळ रास्त मागण्या चुकीच्या दारात जाऊन मरतात. उपकेंद्र व प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे असतात. त्यांच्यासाठी तालुका आरोग्य अधिकारी व जिल्हा आरोग्य अधिकारी. शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय वा मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय यांचा संबंध जिल्हा शल्यचिकित्सकांशी. अंगणवाडीतील आहाराची तक्रार बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे, आश्रमशाळेतील मुलांच्या आरोग्याचा विषय शहापूरच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडे, तर पाणी व गटारे यांचा विषय ग्रामपंचायत आणि पंचायत समितीकडे. लोकांच्या दृष्टीने आजारी मूल एकच असते. यंत्रणेच्या दृष्टीने ते पाच खात्यांत विभागलेले असते. प्रत्येक निर्णयापुढे तो कोणाच्या टेबलावर जाणार आणि तो घेऊन कोण जाणार, हे लिहिले, तरच बैठकीतले बोलणे कार्यालयापर्यंत पोहोचते.

समितीचे म्हणणे अधिक बळकट करावयाचे असेल तर ते ग्रामसभेत नेले पाहिजे. कायद्याने ग्रामसभेची गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के अथवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल ती आहे. परंतु गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा पुन्हा भरते, तेव्हा तिला हे बंधन राहत नाही. म्हणजे पहिल्या दिवशी बहुसंख्य लोक घरी बसले, तर दुसऱ्या सभेत मूठभर लोक गावाच्या वतीने निर्णय घेऊ शकतात. अनुपस्थितीची किंमत किती मोठी असते, हे यावरून ध्यानात यावे. ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूदही कायद्यातच आहे. प्रसूती, पाणी, बालकाचे वजन हे विषय जेथे मोकळेपणाने बोलले जातील, ती सभा हीच. ती केवळ कागदावर झाली, तर मुख्य सभेत अर्धे गाव मुकेच राहते.

समोर बसलेलाही आपलाच

लोकसहभागाच्या नावाखाली एक दोष शिरण्याची शक्यता असते. बैठक म्हणजे डॉक्टर व कर्मचारी यांना धारेवर धरण्याची जागा, असा समज होतो. जनजातीबहुल व डोंगराळ भागात ३ हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र आणि २० हजारांना एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा शासनाचा निकष आहे. पण निकष माणसे मोजतो, डोंगर मोजत नाही. पावसाळ्यात ओढा ओलांडून लसींचा डबा खांद्यावर घेऊन जाणारी आरोग्यसेविका, एका रिक्त पदाचा भार वाहणारा डॉक्टर, यांचीही एक बाजू असते. ती ऐकली गेली, की कित्येकदा असे दिसते, की दोघांची मागणी एकच आहे. पद भरले जावे, वाहन दुरुस्त व्हावे, निवासस्थान राहण्याजोगे असावे, हे डॉक्टरलाही हवे असते आणि गावालाही. एकट्या डॉक्टरचे पत्र कपाटात पडून राहू शकते. गावाच्या ठरावासह गेलेले पत्र दडविणे कठीण असते. अर्थात, जेथे रुग्णाची अवहेलना होते वा बेकायदा पैसे घेतले जातात, तेथे गप्प राहणे हाही अपराधच. तेव्हा तारीख, वेळ व घटना नोंदवून ठामपणे बोलावे. गोंगाट मात्र करू नये.

सर्वांत नाजूक जागा आशा कार्यकर्तीची. ती गावाची लेक अथवा सून असते आणि यंत्रणेची प्रतिनिधीही. तिचा मोबदला कामानुसार मिळतो, तिच्या वहीवर वरिष्ठांची नजर असते. गावाने सारा राग तिच्यावर काढला आणि यंत्रणेने सारे अपयश तिच्या माथी मारले, तर खरे बोलायला उरेल कोण? बैठकीत आशेला आरोपीच्या जागी बसवू नये. तिला प्रथम बोलू द्यावे. कोणत्या घरात कोण आजारी आहे, हे तिच्याइतके कुणालाच ठाऊक नसते.

कार्यकर्त्याचे स्थान

अशा गावांत काम करणाऱ्या सामाजिक कार्यकर्त्याने स्वतःच्या भूमिकेचाही विचार केला पाहिजे. तो बोलका असतो, त्याला अर्ज लिहिता येतो, अधिकारी त्याला ओळखतात. म्हणून लोकांच्या वतीने तोच बोलू लागतो. कामे होतात, लोक कृतज्ञ राहतात आणि समिती मात्र दुबळीच राहते. हा मोह टाळणे कठीण आहे, कारण तो सेवेच्या रूपात येतो. कार्यकर्त्याचे कौशल्य बोलण्यात नाही, दुसऱ्याला बोलते करण्यात आहे. मागे कोपऱ्यात बसलेल्या कातकरी स्त्रीकडे वळून ‘मावशी, तुमच्या पाड्यावर नर्सबाई शेवटच्या कधी आल्या?’ असे विचारणे आणि ती उत्तर देईपर्यंत इतरांना थांबविणे, हे एखाद्या तासभराच्या व्याख्यानापेक्षा मोठे काम आहे. पहिल्या वेळी ती पदराआड हसेल, दुसऱ्या वेळी एक शब्द बोलेल, तिसऱ्या वेळी कदाचित तक्रार करील. या तीन बैठकांची वाट पाहण्याचा धीर ज्याच्याजवळ आहे, त्यालाच लोकसहभागाचे काम करता येते.

संत गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन गाव स्वच्छ केले आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ‘ग्रामगीते’त गावाच्या आरोग्याचा विचार गावाच्याच शिरावर ठेवला. त्या परंपरेचा वारसा सांगणाऱ्या महाराष्ट्राला बैठकीचे महत्त्व परक्यांकडून शिकण्याचे कारण नाही. निधी येईल, योजनांची नावे बदलतील, इमारतींवर नवे फलक लागतील. पण पावसाळ्यातल्या काळोख्या रात्री पाड्यावरची बाळंतीण सुखरूप केंद्रात पोहोचावयाची असेल, तर त्या पाड्याचे नाव मे महिन्यातल्या बैठकीच्या वहीत आलेले असले पाहिजे.

म्हणून शहापूर-मुरबाडमधील प्रत्येक समितीने स्वतःला एक साधी कसोटी लावावी. वही उघडावी आणि गेल्या वर्षभरातील निर्णय मोजावेत. त्यांपैकी किती निर्णयांपुढे जबाबदार व्यक्तीचे नाव व तारीख आहे? किती पूर्ण झाले? कोणत्या पाड्याचा उल्लेख वर्षभरात एकदाही आला नाही? ज्या पाड्याचे नाव त्या वहीत सापडणार नाही, पुढची बैठक त्याच पाड्यावर घ्यावी.